लेबल शेवटी छापा: घरचं लोणचं, सरबत बाजारात नेण्याआधीची सगळी कागदपत्रं

माझ्या माळ्यावर अजून सतराशे लेबलं पडून आहेत. सुंदर आहेत. कैरीच्या फांदीचं चित्र, खाली वळणदार अक्षरात ‘घरगुती पारंपरिक कैरी लोणचं’, मागे साहित्य, सगळं शुद्ध मराठीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये धंद्यातली माझी पहिली खरेदी ही, दोन हजार लेबलं. त्यातली तीनशे वापरून झाल्यावर कळलं की त्या एका लेबलात पाच चुका आहेत, आणि त्यातल्या दोन अशा की माल परत यावा.

म्हणून हा लेख. मी कोकणात राहते. कैरीचं लोणचं, कोकम सरबत, आंब्याची साठं आणि दिवाळीत चकली-चिवडा, एवढा माझा पसारा. आधी नोंदणीवर काम केलं, २०२३ मध्ये परवाना घेतला. खालचे शुल्काचे आणि मर्यादेचे आकडे माझ्या स्वतःच्या कागदांवरचे आहेत. असे आकडे सरकार मधूनमधून बदलतं, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा बघा आणि तोच धरा. पायऱ्यांचा क्रम मात्र सोडू नका. माझं नुकसान क्रम चुकल्यानेच झालं.

१. आधी ठरवा, तुम्ही नक्की काय करता

खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ लागू होतो. केंद्रात त्याचा कारभार एफएसएसएआय (भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण) बघते, आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासन, म्हणजे लोक ज्याला नुसतं एफडीए म्हणतात ते. अर्ज एकाच ठिकाणी, फॉस्कॉस नावाच्या पोर्टलवर.

अर्ज उघडला की पहिलाच प्रश्न व्यवसायाचा प्रकार. उत्पादक, रिपॅकर, किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, केटरर अशी यादी समोर येते. सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. स्वतःच्या स्वयंपाकघरात लोणचं घालता तर तुम्ही उत्पादक. बाजारातून पोत्याने हळद आणून छोट्या पाकिटात भरता तर रिपॅकर. दुसऱ्याने बनवून, पॅक करून दिलेला माल नुसता विकता तर विक्रेता. दोन-तीन कामं करत असाल तर दोन-तीन प्रकार निवडता येतात.

मी हे एका एजंटावर सोडलं. नाव घेत नाही. त्याने साडेचार हजार घेतले आणि चार दिवसांत प्रमाणपत्र आणून दिलं. मी खूश. तीन महिन्यांनी पुण्यातल्या एका दुकानदाराने माझा क्रमांक फॉस्कॉसवर टाकून बघितला (तो कुणालाही बघता येतो) आणि फोन केला, “ताई, तुम्ही तर इथे किरकोळ विक्रेत्या दिसताय. लोणचं मग बनवतं कोण?” एजंटाने सोपा पर्याय निवडून मोकळं केलं होतं. तेव्हा सरकारी शुल्क होतं वर्षाला १०० रुपये. बाकीचे चार हजार चारशे त्याच्या खिशात गेले आणि मला अर्ज नव्याने करावा लागला.

गुगलवर शोधलंत तर सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइटी वर येतात, राजमुद्रेसारखं काहीतरी लावून बसलेल्या. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. नसेल तर तिथे आधार क्रमांक टाकू नका.

प्रकारानंतर पदार्थाचा गट विचारतात. फळं-भाज्यांचे पदार्थ चौथ्या गटात येतात आणि लोणचं त्यातच. मीठ-मसाले बारावा गट, खायला तयार असं खारं फरसाण पंधरावा, मिठाई आणि आपले देशी पदार्थ अठरावा. पुढच्या वर्षभरात जे जे करायचं मनात आहे ते आत्ताच टाका. नंतर एक पदार्थ वाढवायचा म्हटलं तरी बदलाचा अर्ज करावा लागतो.

२. नोंदणी की परवाना

मुख्यतः वर्षाच्या उलाढालीवर ठरतं, उत्पादकाच्या बाबतीत दिवसाच्या उत्पादन क्षमतेवरही. माझ्या वेळी असं होतं:

वर्षाला १२ लाखांपर्यंत: नोंदणी. शुल्क वर्षाला १०० रुपये.
१२ लाखांच्या वर २० कोटींपर्यंत: राज्य परवाना. दिवसाला एक टनापर्यंत उत्पादन असलेल्या उत्पादकाला वर्षाला ३,००० रुपये, त्याच्या वर ५,०००.
२० कोटींच्या वर: केंद्रीय परवाना, ७,५०० रुपये. आयात करणाऱ्याला उलाढाल कितीही असो, हाच.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण विक्री. आमच्या बचत गटात एकीने नफा धरून हिशेब केला होता.

आता एक गैरसमज. राज्य परवाना म्हणजे फक्त महाराष्ट्रात विक्री, असं मला निदान दहा जणांनी ठासून सांगितलं. तसं नाही. परवाना तुमच्या जागेला असतो. रत्नागिरीत बनवलेली बरणी त्याच क्रमांकावर इंदूरलाही विकता येते आणि बेळगावलाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवताना आडवा येतो तो जीएसटी. वस्तू राज्याबाहेर विकायची म्हटली की उलाढालीची सूट संपते आणि जीएसटी नोंदणी घ्यावीच लागते. हा हिशेब पहिल्या ऑर्डरच्या आधी करा, कुरिअर दारात उभा असताना नको.

दुसरा गैरसमज उद्यमचा. उद्यम म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद. ती फुकट आणि आधारवर होते, बँकेत कामाला येते, जरूर करा. पण ते खाद्यपदार्थ विकण्याचं परवानापत्र नाही. प्रदर्शनात उद्यमचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून टेबलावर ठेवलेली मंडळी मी पाहिली आहेत.

३. कागद गोळा करा

नोंदणीला फार लागत नाही:

– फोटो
– ओळखपत्र
– जिथे पदार्थ बनतो त्या जागेचा पुरावा: वीजबिल, घरपट्टी किंवा भाडेकरार
– जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र

माझं घर सासऱ्यांच्या नावावर आहे. ‘घरचीच तर जागा’ म्हणून मी काहीच जोडलं नाही आणि अर्ज शंकेसह परत आला. साध्या कागदावर त्यांची सही घेऊन जोडली, काम झालं.

परवान्याला यादी वाढते. जागेचा नकाशा मोजमापांसह, यंत्रांची यादी आणि त्यांची अश्वशक्ती, पाण्याचा तपासणी अहवाल, जबाबदार व्यक्ती नेमल्याचा नमुना नऊ (फॉर्म ९), अन्न सुरक्षेची योजना, आणि भागीदारी असेल तर तिचा करारनामा. नकाशासाठी आर्किटेक्टच हवा असं नाही. मी मुलाच्या आलेखवहीच्या कागदावर पट्टीने काढला होता: कच्चा माल कुठून येतो, कुठे धुतो, कुठे कापतो, कुठे भरतो, तयार माल कुठे ठेवतो. बाण एकमेकांना छेदत नाहीत ना, हेच त्यात बघितलं जातं.

अर्जाची प्रत, पावती आणि सतरा आकडी संदर्भ क्रमांक मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवा. पोर्टलचा पासवर्ड वहीत लिहा. एजंटाच्या ईमेलवर खातं उघडलं असेल तर ते तुमचं खातं नव्हे. नूतनीकरणाच्या वेळी तो फोन उचलत नाही.

४. स्वयंपाकघर बघायला येतात तेव्हा

नोंदणीच्या नियमात असं आहे की अर्ज पोचल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची. लहान नोंदणीला तपासणी होईलच असं नाही. परवान्याला बहुतेक होते. माझ्याकडे अन्न सुरक्षा अधिकारी आल्या त्या दिवशी मी तीन वेळा फरशी पुसली होती. त्यांनी फरशीकडे बघितलंही नाही.

त्यांनी खिडकीची जाळी हलवून बघितली. कचऱ्याच्या डब्याला पायाने उघडणारं झाकण आहे का ते बघितलं. मिठाचं पोतं जमिनीवर टेकलं होतं, ते फळीवर ठेवायला सांगितलं. कैऱ्यांची पाटी आणि भरलेल्या बरण्या एकाच टेबलावर होत्या, तिथे थांबल्या. ट्यूबलाइट उघडी होती. “फुटली तर काच कुठे पडेल?” एवढंच विचारलं. खाली मसाल्याची परात होती.

मग त्यांचं लक्ष सासूबाईंच्या हातांकडे गेलं. सासूबाई लोणचं कालवत होत्या, कोपरापर्यंत हात मसाल्यात, आणि मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या.

“आजी, कालवताना बांगड्या काढायला लागतील.”

“त्या नाही निघायच्या,” सासूबाई म्हणाल्या. आवाजात भांडण नव्हतं, नुसती माहिती.

मी मनात म्हटलं, गेला परवाना. पण बाईंनी तोडगा सांगितला. काच पदार्थात पडण्याची शक्यता असेल तिथे ते हात नकोत. त्यांनी मोजमाप आणि चव बघावी, कालवणं दुसऱ्याने करावं. तेव्हापासून कालवायला मी असते आणि मीठ कमी-जास्त सासूबाई ठरवतात. म्हणजे कागदावरही घरातली जुनीच व्यवस्था कायम झाली.

ही सगळी स्वच्छतेची यादी नियमांच्या अनुसूची चारमध्ये आहे. पोर्टलवरून ती उतरवून घ्या आणि अधिकारी येण्याआधी स्वतःच हातात पेन घेऊन घरात फिरा. काम करणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा लागते, त्याचं प्रमाणपत्र फाइलला हवं. टायफॉइडची लस घेतली आहे का, हेही विचारतात. विहिरीचं पाणी वापरत असाल तर पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा. आमच्या विहिरीचा अहवाल मे महिन्यात स्वच्छ आला होता, ऑगस्टमध्ये नव्हता.

चकली-चिवडा करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तळून झाल्यावर चकली वर्तमानपत्रावर काढायची आपली सगळ्यांची सवय. पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांनी छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ ठेवायला, गुंडाळायला मनाई आहे, आणि तेल टिपायलाही तो कागद वापरू नका असंच सांगितलं जातं. शाई तेलात उतरते. चाळणीवर निथळा. दुसरं, तळणीचं तेल. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात तयार होणारं टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरता येत नाही. ते मोजायचं यंत्र महाग आहे. माझ्याकडे नाही. मी तेल काळं पडायच्या, फेस धरायच्या आधीच बदलते आणि किती तेल कधी टाकलं ते वहीत लिहिते.

५. पदार्थाचं मानक वाचा

ही पायरी लोक गाळतातच. तुमच्या पदार्थाला कायद्यात व्याख्या असते आणि पदार्थ त्यात बसावा लागतो. जाम म्हणून विकायचं तर त्यात फळ किमान ४५ टक्के आणि विद्राव्य घन पदार्थ (साखर वगैरे विरघळलेला भाग) किमान ६५ टक्के हवेत. साखर कमी टाकलेला तुमचा आंब्याचा मुरांबा चवीला कितीही छान असो, त्या बरणीवर ‘जाम’ छापलंत तर तपासणीत तो निकृष्ट ठरेल.

तेलातल्या लोणच्याचं मानक वाचताना मला हसू आलं. निथळलेल्या फोडींचं वजन किमान ६० टक्के, आणि फोडी तेलात बुडालेल्या असाव्यात. आजी हेच सांगायची, ‘तेल फोडीच्या वर दोन बोटं’. बिनतेलाचं, लिंबाच्या रसातलं किंवा खारातलं लोणचं असेल तर मीठ किमान १२ टक्के. ‘कमी मिठाचं लिंबू लोणचं’ काढायचं मनात असेल तर आधी प्रयोगशाळेत बोला.

प्रिझर्वेटिव्ह वापरता तर सांगा. कोकम सिरपमध्ये, साठांच्या रसात केएमएस टाकतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, क्रमांक आयएनएस २२४ (आयएनएस म्हणजे अशा मिसळायच्या पदार्थांची आंतरराष्ट्रीय क्रमांकयादी). सोडियम बेंझोएट आयएनएस २११. चिमटीने टाकू नका, कोणत्या पदार्थात किती चालतं त्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. ग्रॅमच्या काट्यावर मोजा. आणि ‘नो प्रिझर्वेटिव्ह’ छापून आत बेंझोएट टाकणारे पकडले जातात तेव्हा मला अजिबात वाईट वाटत नाही.

६. वजनमापेवाले विसरू नका

एफएसएसएआय झालं की लोक हात झटकतात. पण बंद पाकिटात माल विकायचा म्हणजे वैधमापन शास्त्र विभागही आला. पॅकबंद वस्तूंचे नियम २०११ चे आहेत. त्याच्या नियम २७ प्रमाणे पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत उत्पादक किंवा पॅकर म्हणून नोंद करायची. शुल्क ५०० रुपये, एकदाच.

शिवाय तुमचा काटा. ऑनलाइन मागवलेला चारशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा व्यवहाराला चालत नाही. मान्यताप्राप्त मॉडेलचा काटा घ्या आणि त्याचं पासिंग, म्हणजे वजनमापे विभागाची तपासणी आणि शिक्का, करून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग दर वर्षी लागतं. प्रमाणपत्र काट्याशेजारीच लावा.

७. आता लेबल

वरचं सगळं झालं, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हातात आला, की मग डिझाइनवाल्याकडे जा. माझ्या माळ्यावरच्या गठ्ठ्यातल्या पाच चुका अशा.

पहिली, भाषा. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवी. मराठी त्याच्या जोडीला कितीही लिहा, पण नुसती मराठी चालत नाही. लिपी तीच, म्हणून मी गृहीत धरलं होतं की चालेल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकतानाही हाच नियम आहे. याचा राग मला अजून आहे, पण लेबल मी दोन भाषांत छापते.

दुसरी, ‘घरगुती’ आणि ‘पारंपरिक’. दावे आणि जाहिरातींचे २०१८ चे नियम आहेत. नैसर्गिक, ताजं, शुद्ध, अस्सल, पारंपरिक हे शब्द मनाला येईल तिथे वापरता येत नाहीत, प्रत्येकाच्या अटी आहेत. ‘होममेड’सारखा शब्द ग्राहकाची दिशाभूल करत असेल तर नकोच. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचा गुण नव्हे, असा खुलासा लेबलवर छापावा लागतो. नाव अजून ठरलं नसेल तर ‘शुद्ध’, ‘अस्सल’ यांच्यापासून लांब राहा.

तिसरी, तारीख. मी ‘सहा महिन्यांच्या आत वापरल्यास उत्तम’ एवढंच छापलं होतं. २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्सपायरी किंवा यूज बाय तारीख, दोन्ही लागतात. बेस्ट बिफोर हवं तर जास्तीचं छापा.

चौथी, वजन. ‘250 gms’ हे इंग्रजीत आपण सगळीकडे बघतो, म्हणून मीही तसंच केलं. ग्रॅमची खूण म्हणजे इंग्रजी लहान लिपीतलं एकच अक्षर, जी. त्याला एम नाही, एस नाही. हा एवढासा एस वजनमापेवाल्यांच्या नजरेतून सुटत नाही.

पाचवी, क्रमांकाची जागा रिकामी. ‘नंतर स्टिकर लावू’ म्हणून सोडली होती. तीनशे बरण्यांवर हाताने स्टिकर लावून बघा, मग बोलू.

लेबलवर काय काय हवं, ते एकदा लिहून देते. ही यादी डिझाइनवाल्याला तशीच पाठवा:

– पदार्थाचं नाव
– घटक, वजनाच्या उतरत्या क्रमाने. कैरी आधी, मग तेल, मग मीठ, जे जास्त ते वर
– अॅडिटिव्ह (प्रिझर्वेटिव्ह, रंग असं मुद्दाम मिसळलेलं), त्याच्या कामासह आणि आयएनएस क्रमांकासह
– पोषणमूल्यं
– शाकाहारी खूण: हिरव्या चौकटीत हिरवं वर्तुळ. मांसाहारी असेल तर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण, पूर्वीचं वर्तुळ नव्हे
– अॅलर्जीची सूचना
– निव्वळ वजन किंवा मिलिलिटर
– बॅच क्रमांक, दोन्ही तारखा
– सर्व करांसह एमआरपी आणि एककाची किंमत, म्हणजे ग्रॅमला किती पैसे पडले ते
– उत्पादकाचं नाव, पूर्ण पत्ता, एफएसएसएआयची खूण आणि क्रमांक
– तक्रारीसाठी फोन आणि ईमेल
– साठवण कशी करायची

शाकाहारी खुणेचं वर्तुळ लेबलची मुख्य बाजू १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर किमान ३ मिलिमीटर व्यासाचं हवं. त्याच मापाची मुभा अशी की १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पाकिटांना घटक आणि पोषणमूल्यांसारखी काही माहिती बाहेरच्या मोठ्या खोक्यावर देता येते. साठांचे छोटे रोल विकताना मला याचा उपयोग झाला.

अॅलर्जीच्या यादीत ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे आणि सुका मेवा, सोयाबीन येतात. शेवटचा आहे सल्फाइट, किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर. म्हणजे केएमएस वापरलेल्या सिरपवर ही सूचना येते. चिवड्यात शेंगदाणे दिसतच असतात, तरी लिहायचं. चकलीच्या भाजणीत गहू टाकता, तर ग्लुटेन लिहायचं.

पोषणमूल्यांसाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा. दर १०० ग्रॅमला ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्ध, संपृक्त स्निग्ध, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम. शिवाय एका वेळच्या वाढणीत दिवसाच्या गरजेच्या किती टक्के, तेही. त्याचा पाया ठरलेला आहे: २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्ध, ५० ग्रॅम वरची साखर, २,००० मिलिग्रॅम सोडियम. माझ्या लोणच्याचा सोडियमचा आकडा बघून मी प्रयोगशाळेला फोन केला होता, एक शून्य जास्त पडलंय का म्हणून. नव्हतं पडलं. लोणचं ते.

लेबल बरोबर नसेल तर पदार्थ कितीही चांगला असो, कायद्याच्या भाषेत तो ‘मिसब्रँडेड’, आणि त्याचा दंड ३ लाखांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पहिल्या खेपेला दोनशेच छापा. डिजिटल छपाई नगाला महाग पडते, पडू द्या.

८. तो चौदा आकडी क्रमांक

क्रमांक वाचता येतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. कुणी तुम्हाला माल देऊ लागला की त्याच्या बरणीवरचा क्रमांक वाचा आणि फॉस्कॉसवर टाकून बघा. माझ्याकडे एका मसालेवाल्याचा क्रमांक तेरा आकडी निघाला होता.

१ जानेवारी २०२२ पासून हा क्रमांक बिलावरही लागतो. प्रदर्शनातल्या हाती लिहिलेल्या पावतीवरसुद्धा. मी रबरी शिक्का करून घेतला.

दुसऱ्याकडून बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकत असाल तर लेबलवर दोघांची नावं आणि दोघांचे क्रमांक येतात. आपला एकट्याचा छापून चालत नाही.

ऑनलाइन विकायचं असेल तर मोठे बाजार हा क्रमांक आधीच मागतात. त्यांना दिलेल्या सूचनेप्रमाणे ग्राहकाच्या हातात पडताना पदार्थाचं ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस उरलेले असावेत. तीन महिने टिकणारी साठं त्यांच्या गोदामात महिनाभर पडली तर हिशेब बिघडतो. मी साठं तिथे देणं बंद केलं, लोणचं देते.

९. नंतरची कामं

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून भरता येत होता. शेवटच्या ३० दिवसांत भरला तर दिवसाला १०० रुपये विलंब शुल्क होतं. मोबाइलमध्ये गजर लावा, पोर्टलच्या एसएमएसवर विसंबू नका.

परवानाधारक उत्पादकाला डी-१ नावाचं वार्षिक विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं असतं. आमच्या कोकणात ३१ मे म्हणजे कैरी संपत आलेली, आंबा आटवायचा चाललेला, पाऊस डोक्यावर. मी एप्रिलमध्येच भरून टाकते. शिवाय दर सहा महिन्यांनी पदार्थ तपासून अहवाल पोर्टलवर चढवायचा.

कर्ज काढून यंत्र घ्यायचं असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळत होतं. चालू आहे ना, ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. तिथली जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज भरून देते आणि तिचं मानधन योजनेतून निघतं, तुम्ही द्यायचं नाही.

१०. नमुना घ्यायला आले तर

घाबरू नका, वाद घालू नका. अधिकारी नोटीस देऊन नमुना घेतात आणि त्याचे चार भाग करून सील करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचे वरिष्ठ) राहतात. चौथा तुम्ही मागितलात तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. मागा. खर्च तुमचा, पण अहवाल वेगळा आला तर तोच तुमचा आधार. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो, आणि तो विरुद्ध गेला तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

त्यासाठी प्रत्येक बॅचची एक बरणी न उघडता, तारीख लिहून, एक्सपायरीपर्यंत घरात ठेवा. माझ्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा त्यासाठीच आहे. एकदा पाहुण्यांनी त्यातलं लोणचं उघडून खाल्लं, तेव्हापासून कुलूप आहे.

आणि नमुन्याचे पैसे अधिकाऱ्यांनी द्यायचे असतात, बाजारभावाने. आपल्याला संकोच वाटतो, “राहू द्या हो” तोंडावर येतं. पैसे घ्या आणि पावती फाडा. पावतीवर शिक्का मारायला विसरू नका.